न धरलेली ओटी

नवऱ्याच्या मारण्याला कारणांची कधी टंचाई नव्हती. कंपनीतली नोकरी सुटली, म्हणून चिडतो. पितो, म्हणून हात उठतो. मी खारघरला ऑफिसला जाते, फोनवर हसून बोलते, म्हणून संशय येतो. ही सगळी कारणं त्याच्यापेक्षा माझ्या माहेरच्यांनाच तोंडपाठ होती. नोकरी असताना, न पिताही तो मारायचाच, हे कुणी आठवून बघत नसे.

मार खाल्ला की मी रोडपालीहून रिक्षा करून पनवेलजवळच्या गावी माहेरी यायची. आई हळद लावायची, जेवू घालायची. दोन-चार दिवसांनी तो न्यायला यायचा. जावई म्हणून वडील त्याला खुर्ची द्यायचे, चहा-पोहे व्हायचे, दोघं पाऊसपाण्याचं बोलायचे. माझ्या गालावरच्या वळाचं कुणी नाव काढत नसे. मग रिकाम्या पदराने लेक पाठवू नये म्हणून आई ओटी भरायची आणि मी गाडीवर मागे बसायची. तो का मारतो याचं खरं उत्तर मला त्या ओटीत सापडलं. मला परत पाठवतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शेवटच्या वेळी मनगट सुजलेलं होतं. तो बाहेरच्या खोलीत चहा पीत होता. आत आई नारळ, तांदूळ, खण घेऊन समोर उभी राहिली.

"पदर धर," ती म्हणाली. "रागाचा हाय तो, पन वाईट नाय."

मी हात मागे घेतले. "तू ओटी भरतेस, म्हणून तो मारतो. मी धरणार नाही."

आईचा चेहरा पडला. ती बराच वेळ माझ्या मनगटाकडे बघत राहिली. बाहेरून वडिलांनी उशीर होतोय म्हणून हाक दिली. आईने ताट खाली ठेवलं, त्यातला नारळ उचलला आणि कोयत्याच्या पाठीने फोडला. पाणी जमिनीवर सांडलं. दोन्ही वाट्या हातात घेऊन ती बाहेर गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"ओटीचा नारल फुटला," ती म्हणाली. "आता ती नाय येत."

वडिलांनी त्याच्यासमोरचा अर्धा प्यालेला चहाचा कप उचलून आत आणून ठेवला.