मूळ गावाची गाणी

इंग्लंडात ब्रॅकनेलला आमच्या भिंतीला भिंत लागून एक स्कॉटिश बाई राहतात. नर्स होत्या, आता निवृत्त. दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे चारपाच जण जमून गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतली गाणी म्हणतात. आई गेल्यावर बाबा पुण्याहून कायमचे माझ्याकडे आले, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्या गाण्यांनी त्यांना धरलं. बुधवारी टीव्ही बंद करून भिंतीला पाठ टेकून बसायचे. हे कळल्यावर बाईंनीच आम्हाला घरी बोलावलं.

बहुतेक गाणी एकाच दुखण्याची. सुटलेलं बेट, लांब जाणारा किनारा, परक्या देशात वाटणारं डोंगराचं वेड. बाई अर्थ सांगायच्या, मी तो बाबांना मराठीत सांगायची. त्यांच्या पूर्वजांचं गाव जमीनदाराने मेंढ्या चारायला रिकामं करवलं होतं. छपरं पेटवून दिली. काही माणसं जहाजाने कॅनडाला गेली, बाईंच्या घरचे ग्लासगोच्या गिरण्यांत. आता तिथे पडक्या भिंतींचे दगड आहेत आणि जवळ सुट्टीसाठी भाड्याने मिळणारी घरं. बाबांनी विचारलं, तिथे गेल्यावर तुम्हाला रडू येतं का?

"राग येतो," बाई म्हणाल्या. "पण रागाला चाल बसत नाही. म्हणून रडायचं."



पुढे वेम्बलीतल्या एका मराठी मंडळाने गावाच्या ओढीवर कार्यक्रम ठेवला, आणि मी या गाण्यांवर बोलावं असं ठरलं. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. मी जाळलेल्या छपरांबद्दल सांगितलं, बाईंनी म्हणून दिलेली दोन गाणी फोनवरून ऐकवली. पुष्कळांनी डोळे पुसले. लोकांना राहत्या जागेवरून हुसकावणं किती अमानुष, असं अध्यक्ष म्हणाले. मग मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी माईक घेऊन मला मूळ गाव विचारलं. साताऱ्याकडचं, मी म्हणाले. त्यांना आनंद झाला, त्याही तिकडच्याच. गावाचं नाव विचारलं, तेही ओळखीचं निघालं. मग त्या म्हणाल्या, "गावात नेमकं कुठे? कोणत्या आळीत?"

ही चौकशी कशाची असते ते मला शाळेपासून कळतं. मी काहीतरी गुळमुळीत बोलणार होते, तेवढ्यात बाबा उठले.

"गावाबाहेर," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं, म्हणून गावाने आमचं पाणी तोडलं. दुकानात मीठसुद्धा मिळेना. मी लहान होतो. आम्ही चालत निघालो, आणि कुणी दारात येऊन पाहिलंही नाही. या गाण्यांतल्या लोकांना जमीनदाराने हाकललं, म्हणून त्यांना गावासाठी रडता येतं. आम्हाला गावानेच हाकललं. आम्ही कुणासाठी रडायचं?"

अध्यक्षांनी चहा तयार असल्याचं जाहीर केलं. चहाच्या टेबलापाशी लोक ब्रिटनमधल्या रेसिझमबद्दल बोलत होते. आमच्याजवळ एक तरुण जोडपं येऊन उभं राहिलं, तेही बौद्धच होतं. परतताना गाडीत बाबा म्हणाले की त्यांना तिथे बोलायचं नव्हतं, पण मी खोटं बोलणार हे त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं.

आठवड्याने सेक्रेटरीबाईंचा फोन आला. स्वर गोड होता. बाबांच्या भावनांचा आदरच आहे, पण माणसं चार घटका जुन्या आठवणींत रमायला येतात, अशा कार्यक्रमात तो विषय नको होता, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, "तुमचं घर कुठे होतं?"

"अगदी मधोमध, देवळाला लागून," त्या लगेच म्हणाल्या. मग अंगणातली विहीर, तिचं गोड पाणी, असं बराच वेळ सांगत राहिल्या. "अजून आठवलं की रडू येतं हो."

"येत असेल," मी म्हणाले आणि फोन ठेवला.