मेघाश्रीचा आवाज, अभिजीतची साडी

मेघाश्रीला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं ते मल्हारने. हा मल्हार म्हणजे तिच्या बेंगळुरूतल्या, बसवनगुडीच्या घराच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. पुण्याचा पोरगा, आठवडाभर आयटी कंपनीत मान मोडून काम करायचा आणि शनिवार-रविवार रॅपर व्हायचा. एका रविवारी जिना उतरून थेट स्वयंपाकघराच्या दाराशीच आला.

"अक्का, तुमचा आवाज मला पाहिजे. रॅप मी करतो, मधली चाल तुम्ही गायची. प्रॉपर ड्युएट! आणि शब्द तुमचेच, घरात बोलता तसे. एकदम रॉ."

आता मेघाश्रीच्या घरातली मराठी म्हणजे काय, तर चार पिढ्यांपूर्वी बेंगळुरूला आलेल्या माणसांची. तिच्यात 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आहे, 'बरं'च्या जागी 'सरी' आहे, वाक्याच्या शेपटीला 'की' आहे. तिच्या आईने, तुंगाबाईने, ती तशीच तिच्या तोंडात घातली. पुण्याला एका चुलत नातलगाच्या लग्नात या मायलेकींना पोरींनी गोल करून मधे बसवलं होतं. "मावशी, अजून बोला ना, किती क्यूट!" म्हणायच्या आणि तोंडाला ओढणी लावून खिदळायच्या. तुंगाबाई बिचारी भोळेपणाने बोलत राहिली. मेघाश्रीच्या अंगाची लाही लाही झाली, पण पाहुण्यांच्या घरी भांडण कसं करायचं? तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं, की ही मराठी त्या लोकांनी एकदा तरी न हसता, गप्प बसून ऐकावी.

म्हणून ती हो म्हणाली. उगाच नाही.

मल्हारच्या खोलीत स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. जॅकेटं आणि रजया यांच्या मधोमध माइक टांगलेला, का तर आवाज घुमू नये. त्याच्या शर्टांत तोंड खुपसून मेघाश्रीने गायलं,

"या की हो स्वल्प लवकर, भात झाला गार..."

तिचे वडील नरसिंगराव बेंगळुरूच्याच शिवाजीनगरला दुकान चालवायचे, तेच आता मेघाश्री बघते. दुपारी यायला उशीर झाला की तुंगाबाई दारात उभी राहून हेच म्हणायची, कमरेवर एक हात आणि दुसरा चौकटीला. एका दुपारी ते बस स्टँडवरच कोसळले, आणि भात खरंच गार झाला. हे मेघाश्रीने मल्हारला सगळं सांगितलं. त्याचेही डोळे भरले, खोटं कशाला बोला. "अक्का, हे सोनं आहे," म्हणाला. ती ओळ तिने पुन्हा गायली, आईसारखा एक हात कपाटाच्या चौकटीला टेकवून, आणि त्याने तीच ठेवली.

व्हिडिओचं मात्र तिला कुणी काही विचारलं नाही. "तुम्हाला दुकान आहे, धावपळ कशाला? सरप्राइज देतो," मल्हार म्हणाला. तिला वाटलं, दाखवतील एखादी बाई दारात उभी असलेली. फार तर एखादी तरुण देखणी मुलगी घेतील. घेऊ देत की! चेहऱ्याचं तिला काही नव्हतं.

व्हिडिओ आला त्या संध्याकाळी तिने दुकान लवकर बंद केलं. नवरा रविकुमार बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून रजा टाकून आला. तुंगाबाईला मधल्या खुर्चीवर बसवलं आणि टीव्ही लावला.

मल्हारचा रॅप झाला, झकास झाला. मग आला मेघाश्रीचा आवाज, आणि त्या आवाजाला तोंड हलवत पडद्यावर आला दाढीवाला अभिजीत. हा इंटरनेटवर विनोदी व्हिडिओ करणारा गडी. नऊवारी गुंडाळलेली, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, तोंडाला पीठ फासलेलं आणि हातात भाताचा डाव. डाव घेऊन मल्हारच्या मागे धावतोय, साडीत पाय अडकून पडतोय, आणि तोंडाने काय? तर "भात झाला गार!"

रविकुमारला हसू फुटलं आणि बायकोकडे बघून ते त्याने गिळलं. तुंगाबाईने विचारलं, "तुझं गाणं कधी लागतं गं?"

मेघाश्री तशीच जिना चढून गेली. "माझ्या आईचं बोलणं ते! लाज नाही वाटली तुला?"

"अक्का, तुम्ही पर्सनली नका ना घेऊ. सीरियस ठेवलं असतं तर कुणी बघितलं नसतं. लोक हसत नाहीयेत हो, प्रेम करतायत!"

असलं प्रेम जळो मेलं. पण लोकांनी गाणं डोक्यावर घेतलं हे खरं. व्हाइटफील्डकडच्या एका सोसायटीतल्या मराठी मंडळींनी मल्हारला आणि तिला स्नेहसंमेलनात गायला बोलावलं. रविकुमार नको म्हणाला, पण मेघाश्री हट्टाला पेटली. तिथे दाढीवाला नसेल, साडी नसेल, मी उभी राहीन आणि सावकाश गाईन. बघू कोण हसतं ते. तुंगाबाईला तिने मुद्दाम सोबत नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

गायलीही तशीच. पहिली ओळ संपेपर्यंत हॉल चिडीचूप. मेघाश्रीच्या अंगावर काटा आला, जिंकलंच की! तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "काकू, व्हिडिओसारखं!" मग दुसरा, मग सगळेच. कुणीतरी हसत हसत स्टेजवर डाव आणून दिला. मल्हार कानाशी म्हणाला, "एकदाच, अक्का, प्लीज."

डाव टाकून खाली उतरली असती तर? नाही उतरली. एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत आणि आता विसरून जातील, या भीतीने तिची मती फिरली. तिने कमरेवर हात ठेवला. मान वाकडी केली, आवाज चिरका केला आणि 'स्वल्प' असं काही ओढलं की हॉल कोसळला. अभिजीतला कुठून जमणार होतं ते? त्याने ती बाई कधी पाहिलीच नव्हती. मेघाश्रीने तिचं चालणं केलं, गुडघा दुखतो तसं. चौकटीवर हात टेकून रस्ता बघणं केलं. दर वाक्याला टाळ्या. लोक डोळे पुसत हसत होते आणि, देवाशप्पथ, तिला ते आवडत होतं.

मग तिची नजर पहिल्या रांगेवर गेली. तुंगाबाई हसत नव्हती. या खेपेला तिला सगळं कळलं होतं.

येताना गाडीत मल्हार एकटाच बडबडत होता. घरी आल्यावर तुंगाबाईने चपला काढल्या, पाय धुतले आणि आपल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. मेघाश्री दारात घुटमळली. मग रोजचंच विचारलं, "अम्मा, गुडघ्याला तेल चोळू काय?"

"बेडा," तुंगाबाई म्हणाली. नको, एवढंच, पण कन्नडमधून. आयुष्यभर बाजारात, रिक्षात, शेजारणींशी ती कन्नड बोलली होती, लेकीशी कधीच नाही.

"अम्मा, चुकलं की गं माझं. बोल ना."

तुंगाबाईने पदर नीट केला आणि दुकानात आलेल्या परक्या बाईशी बोलावं तशा आदराने, कन्नडमध्येच, तिला दिवा मालवायला सांगितलं.