तोंडाला काहीच न लावण्याचं वर्ष

तोंड नुसत्या पाण्याने धुवायचं, पुसायचं नाही, हलक्या हाताने टिपायचं, आणि ओलसर आहे तोवर खोबरेलाचे दोन थेंब चोळायचे. संपलं. माझं आणि माझ्या मुलीचं सगळं प्रसाधन एवढंच. शाळेतल्या बायका म्हणतात, काय गो साधेपणा हा, आम्हालाही शिकव! साधेपणा कसला, कर्म माझं. आम्ही दोघी तोंड भाजून घेऊन इथवर आलोय, आणि मुलीचं तोंड भाजलं ते माझ्या हातांनी. वर तिला कारणही मी खोटंच सांगितलं होतं.

मी गोव्यातल्या पेडण्याकडची, लग्न करून दिली साखळीला. रंगाने काळी. सावळी, गव्हाळ वगैरे लग्नाच्या पत्रिकेत लिहायचे शब्द झाले, मी काळी. लग्न जमत नव्हतं तेव्हा आईला कुणीतरी एक ट्यूब सुचवली. खरं तर ती खाजखरजेवरची, पण तोंडाला लावली की उजाळा येतो म्हणे. औषधवाल्याने चिठ्ठीबिठ्ठी विचारली नाही, कागदात गुंडाळून दिली. पंधरा दिवसांत मी उजळले, आरशासमोर गाल वळवून वळवून बघायचे. चार महिन्यांत लग्न ठरलं. आईने त्या ट्यूबला जवळजवळ कुलदैवताच्या शेजारी बसवलं.

आमच्याकडे गणेश चवथीला माहेरहून लेकीच्या घरी वजें जातं. फळं, नारळ, लाडू, नेवऱ्या म्हणजे करंज्या, असं सगळं टोपल्या भरभरून. बहुतेकांकडे चार-पाच वर्षांनी ते आटोपतं. माझ्या आईने थांबवलंच नाही, कारण नेवऱ्यांच्या डब्याखाली, वर्तमानपत्राच्या घडीत, सहा ट्यूबा असायच्या. दोन महिन्यांना एक, असा तिचा हिशेब. सासूबाई नारळ बघायच्या, मी डबा उचलून आत पळायचे. नवऱ्याला वाटायचं, बायकोला माहेरच्या नेवऱ्यांचं किती ते कौतुक!

मधे कधी ट्यूब संपली तर तोंडाची आग आग व्हायची, लालेलाल. पुन्हा लावली की गप्प. म्हणजे औषध किती गुणाचं, असं मी सतरा वर्षं समजत होते. आणि मी टीचर आहे बरं का, मये गावाच्या वाटेवरच्या एका प्राथमिक शाळेत. मुलांना शिकवते, प्रश्न विचारा म्हणून.

मुलगी अकरा वर्षांची असताना तिच्या शाळेचं गॅदरिंग झालं. नाचात ती पुढच्या रांगेत होती. दुसऱ्या दिवशी फोनवर फोटो आले, आणि ती नाचून नाचून सगळ्यांना दाखवत सुटली. फोटोत ती तोंड उघडं टाकून हसत होती, एक पाय हवेत. मी बघितलं आणि मला एवढंच दिसलं, की पावडर लावलेल्या त्या सगळ्या पोरींत माझी काळी आहे, आणि पावडरीने ती राखाडी दिसतेय. मला लाज वाटली. दुसरा सभ्य शब्द शोधून बघितला, सापडत नाही. पोटच्या पोरीची लाज वाटली.

तिच्या नाकावर तेव्हा एक पुटकुळी होती. एकच, तीही सुकत आलेली. तिला म्हटलं, "पुटकुळ्या यायला लागल्यात तुला. ये, औषध लावते." ती गुमान येऊन समोर बसली, डोळे मिटून तोंड वर केलं. त्या दिवसापासून आईच्या वज्यातल्या सहा ट्यूबा दोघींत पुरेनात.

पंधराव्या वर्षी तिच्या गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, जाळ्या पसरल्यासारख्या. कानशिलापासून हनुवटीपर्यंत लव उगवली. हनुवटीवर पुळ्याच पुळ्या. आता खरोखरच्या! उन्हातून आली की गालाला हात लावू देत नसे. तेव्हा कुठे मला जाग आली. तिला घेऊन म्हापशाला कातडीच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी मुलीचं तोंड दिव्याखाली बघितलं, मग माझं. "दोघींची ट्यूब एकच ना?" म्हणाल्या. त्यांनी सांगितलं, यात स्टेरॉइड असतं, कातडी कागदासारखी पातळ होते, तिला त्याची सवय लागते. मग वहीत लिहिता लिहिता मुलीला विचारलं, "हे सुरू कशासाठी केलं होतं?"

"पुटकुळ्यांसाठी," मुलगी म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मूग गिळून बसले, आणि त्यांनी तेच लिहून घेतलं.

ट्यूब एकदम न सोडता कशी उतरवत न्यायची ते त्यांनी सांगितलं. त्यानंतर पाणी, खोबरेल, उन्हात छत्री. "दुकानातलं काही नाही आणि स्वयंपाकघरातलंही काही नाही," बोट नाचवून म्हणाल्या. "हळद नाही, लिंबू नाही, बेसन नाही. घरगुती आहे म्हणून काहीही थापायचं नाही. आधी वाईट होईल, खूप वाईट होईल. सहा महिने, कदाचित वर्ष. तोवर हात आवरायचा."

हात आवरायचा! सांगणं सोपं. तीन आठवड्यांत आम्हा दोघींची तोंडं उकडलेल्या रताळ्यासारखी झाली. कातडीचे पापुद्रे निघायचे, खाली ओलं, त्यावर खाज. शाळेत पहिलीतली एक चिमुरडी मला म्हणाली, "टीचर, तुमी आगीत पडल्या?" बसमध्ये ओळखीच्या बायका शेजारी बसायच्या आणि पुढच्या स्टॉपला मागची जागा धरायच्या. माझं मी सोसलं. पण मुलगी नववीत होती, आणि ती नाकावर मास्क चढवून शाळेत जायची, मास्क चढवून परत यायची. जेवायला तेवढा काढायची, भिंतीकडे तोंड करून. मी रोज सकाळी दाराशी थांबून बघायचे, की आज ती शाळेत जाते की नाही.

आणि एक दिवस मी ती चूक केली. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

आमच्याकडे अंगावर पित्त उठलं, लाल गांधी आल्या, की आगळ लावतात. आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला रस. पाणी घालून सोलकढीला वापरतो तोच. लहानपणी मला किती वेळा चोपडलाय, घटकाभरात थंडावा. त्या दुपारी मुलगी शाळेतून आली, मास्क काढला, तर गाल अक्षरशः पेटलेले. रडत नव्हती, नुसती दात आवळून बसली होती. डॉक्टरीणबाईंचं बोट मला आठवलं, नाही असं नाही. पण आगळ म्हणजे काय हळद आहे का, लिंबू आहे का? आपल्या परसातल्या झाडाचा रस, थंड, सात पिढ्यांनी लावलेला. तो का बाधेल? कापूस बुडवला आणि दोन्ही गालांवर फिरवला.

तिने जी किंकाळी फोडली, ती शेजारच्या घरात ऐकू गेली. मीठ हो, मीठ! पापुद्रे निघालेल्या उघड्या मांसावर मी मीठ चोळलं होतं. ती न्हाणीघराकडे धावली, मी मागून "दाखव बाय, दाखव" करत गेले, तर तिने मला दोन्ही हातांनी ढकललं. मी दारावर आपटले. ती नळाखाली तोंड धरून कितीतरी वेळ बसली, आणि मी बाहेर उभी राहून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

गालांवर दोन काळे डाग उठले, आगळ लागला होता त्याच आकाराचे. डॉक्टरीणबाईंनी मला असं झापलं की वर्गातल्या मुलांनाही मी कधी तसं झापलं नसेल. त्यानंतर मुलीने मला तिच्या तोंडाला हात लावू दिला नाही. तेलाची वाटी वेगळी केली, टॉवेल वेगळा केला. पाणी, टिपणं, दोन थेंब, सगळं एकटी करायची, दार लावून. मी विचारायचे, "आग होते?" ती म्हणायची, "नाही." बरं वाटलं तरी नाही, दुखलं तरी नाही.

पावसाळ्यात आग हळूहळू कमी झाली. पुळ्या बसल्या. माझं तोंड आधी निवलं, तिचं मागून. आणि जसजसं निवत गेलं तसतसा खरा रंग वर यायला लागला, तिचाही आणि माझाही. चवथ आली तेव्हा आम्ही दोघी ट्यूबेआधीच्या रंगाच्या निम्म्या वाटेवर होतो. मुलगी आरतीला बाहेर आली नाही. पाहुणे विचारायचे, मी म्हणायचे, अभ्यास आहे, यंदा दहावी आहे ना.

पेडण्याहून वजें आलं. नेवऱ्यांचा डबा उचलला, आणि खाली ट्यूबा. सहा नाहीत, आठ. आईला मी सगळं फोनवर सांगितलं होतं, डॉक्टर, स्टेरॉइड, आगळसुद्धा! तरी आठ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गणपती पोचवले आणि पुढच्याच रविवारी ट्यूबा पिशवीत घालून पेडण्याला गेले. मुलगी म्हणाली, मीही येते. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुठे यायला तयार झाली, म्हणून मी खूश झाले. मूर्ख मी.

आई ओसरीवर काजूच्या बिया निवडत बसली होती. माझं तोंड बघून तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "अगो, काय करून घेतलास गो ह्यां तोंडाचा?"

मी पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि सुटले. तू ऐकत का नाहीस, नातीचं तोंड जाळायला निघालीस काय, आजी आहेस की कोण आहेस. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या त्या दिवशी नव्हतं. आई शांतपणे म्हणाली, "तीन ठिकाणची माणसां तुका बघून गेली आणि परत इली नाय. तां तू विसारलस. मी नाय विसराक. तुझा लग्न झाला तां ह्याच ट्यूबेन."

ते खरं होतं, म्हणून मी आणखी चवताळले. "म्हणून माझ्या पोरीला पण?"

"माका कित्याक विचारतस?" आता तिचाही आवाज चढला. "तुझ्या पोटचा चेडू तुझ्यासारख्या काळा झाला म्हणान तू माझ्याकडे रडलस. त्याका लायलस तां तू. माझ्या हातान नाय लावक!"

मुलगी पायरीवर बसली होती. तिने मास्क काढला नव्हता, त्यामुळे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते माझ्याकडे नव्हते. अंगणाकडे होते. आईलाही कळलं आपण काय बोललो ते. ती उठून आत गेली आणि चहा ठेवते म्हणाली. चहा कुणी प्यायला नाही.

म्हापशाला बस बदलली. डिचोली मागे पडल्यावर बस रिकामी झाली. मुलगी खिडकीशी होती. तिने मास्क काढून पिशवीत टाकला आणि विचारलं, "मला पुटकुळ्या नव्हत्या ना?"

"एक होती," मी म्हटलं. मग म्हटलं, "नाही. त्यासाठी नाही लावलं."

"मी काळी म्हणून."

"हो. मला लाज वाटली होती. तुझं काही चुकलं नव्हतं, बाय. माझं डोकं सडलं होतं." मला रडू यायला लागलं, आणि मी ते तिथेच गिळलं, कारण त्या बसमध्ये रडण्याचा हक्क माझा नव्हता.

ती खिडकीकडून वळली. डागांसकट, लवेसकट, सगळं तोंड माझ्यासमोर धरलं.

"पूर्ण बरी झाले की मी परत तशीच काळी होणार ना?"

"हो. डॉक्टर म्हणाल्या, तोच तुझा रंग."

"मग तुला चालेल?"

मी हो म्हटलं. खरं सांगते, मनापासून म्हटलं. पण म्हणायला मला एक क्षण लागला, आणि ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.