उतार होता, साहेब

सिस्टर कधी कुणाला शिवी देत नसत. त्यांना तशी गरजच पडत नसे. समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं आणि मग नाकातून एक बारीकसं ‘हं’ सोडायचं, एवढ्यावर त्यांचं काम भागे. सरपंच असो की तालुक्याहून आलेला साहेब, त्या ‘हं’नंतर माणूस आपण नेमकं काय बोललो ते मनातल्या मनात पुन्हा तपासू लागे.

ऐंशी सालाच्या आसपास मी कोळवण खोऱ्यातल्या एका शाळेत नवी शिक्षिका म्हणून रुजू झाले. खोली मिळाली ती सरकारी उपकेंद्राच्या नर्सबाईंना लागून. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. सगळं खोरं त्यांना सिस्टरच म्हणे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि नजर माझ्या पायांवर आणून ठेवली. “या चपला घालून शाळेत जाणार? पावसाचे दिवस आहेत. एक चप्पल खाचरात राहील, एक तुझ्याकडे.” आठवडा व्हायच्या आत तसंच झालं. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पुरुषांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. बायको आत कळा देत असताना ओसरीवर बिडी ओढत बसणाऱ्या नवऱ्याला त्या पाणी शेंदायला, लाकडं फोडायला, शेजारणीचं रडकं पोर फिरवून आणायला पाठवत. एकानं विचारलं, “सिस्टर, ह्याचा काय उपेग?” त्या म्हणाल्या, “तिला काही नाही. तुला आहे. निदान एक दिवस कामाला आलास असं म्हणता येईल.” त्यांचा स्वतःचा नवरा सोलापूरकडे कुठेतरी होता म्हणे. मी एकदा भीत भीत विषय काढला. “नवरा हा जुना आजार आहे,” त्या भाजी परतता परतता म्हणाल्या. “औषध नाही, पथ्य आहे. मी पथ्य पाळते.” तो विषय तिथंच संपला.

त्या फलटणकडच्या बौद्ध घरातल्या. खोऱ्यात हे सर्वांना ठाऊक होतं आणि तोंडानं कुणीच बोलत नसे. बोलायचे ते कप. मोठ्या जमीनदार घरांत सिस्टरांचा कप वेगळा असे, ओसरीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. सिस्टर अशा घरी चहाच घेत नसत. “पित्त होतं,” म्हणत, आणि खोलीवर येऊन माझ्यासमोर लागोपाठ कप रिचवत. “नाळ कापायला माझे हात चालतात. कप तेवढा बाटतो. हं.”

मग त्यांनी मोपेड घेतली. वाड्यावस्त्या लांब, एसटीच्या फेऱ्या मोजक्या. पण नर्सबाई फटफटीवर बसली म्हटल्यावर पारावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. सिस्टर पारापाशी मुद्दाम थांबल्या. “चालत आले की म्हणता सिस्टर उशिरा आली. गाडीवर आले की म्हणता बाई बिघडली. मग काय उडत येऊ?” त्या गाडीचाही त्यांना भरवसा नव्हताच. चढावर ती दम टाकायची आणि सिस्टर पाय टेकवून तिला बोलणी खायला घालायच्या.

अशा त्या गाडीवर वेगानं चालवल्याचा खटला झाला.

मी त्या मंगळवारी शाळेच्या कामाला पौडला गेले होते. परतताना सिस्टर मला मागे बसवून नेणार होत्या. आम्ही निघतोय तोच एक बाई धापा टाकत आली. आमच्या खोऱ्यातल्या एका मोठ्या घरची ती कामकरीण. एसटीनं पौडला येऊन सिस्टरांना शोधत फिरत होती. “सिस्टर, ताईच्या अंगावरनं लई जातंय. थांबतच न्हाई. बाईंनी बोलावलंय. कुनाला कळू देऊ नका म्हनल्यात.”

सिस्टरांनी एवढंच विचारलं, “कधीपासून?”

“सकाळधरनं.”

“बस,” त्या मला म्हणाल्या. “तुझे हात लागतील.”

चढ कसाबसा संपला आणि खोऱ्याकडचा उतार लागला. उतारावर दोन झाडांना चुन्याचे पट्टे मारलेले होते. गाडीला एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत यायला किती वेळ लागतो ते हातातल्या घड्याळात बघायचं, आणि त्यावरून वेग ठरवायचा, अशी व्यवस्था. शनिवार-रविवारी पुण्याच्या मोटारी याच उतारावरून सुसाट जात, तेव्हा तिथं कुणी नसे. मंगळवारी दुपारी मात्र एक हवालदार हजर होता आणि रस्त्यावर आमच्याखेरीज कुणी नव्हतं. त्यानं शिट्टी मारली.

“काय बाई, विमान हाय का काय?”

“पेशंट आहे,” सिस्टर म्हणाल्या.

“कुटं? कुनाकडं?”

सिस्टर पिशवीतून गाडीचे कागद काढू लागल्या.

“न्हाई, खरं असंल तर सोडतो की. नाव सांगा पेशंटचं.”

“तुमचं काम वेग मोजायचं. मोजलात ना? मग लिहा.”

तो हे ऐकून दुखावला, आणि दुखावलेला माणूस सावकाश लिहितो. पेन्सिल जिभेला लावत त्यानं कागद भरला. एसटीचं तिकीटसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचणाऱ्या सिस्टरांनी त्यावर न वाचता सही केली.

मुलगी मागच्या खोलीत वाकळेवर पडली होती. एकोणीस-वीस वर्षांची, लग्न न झालेली. दिवस गेले होते, आणि आईनं घाबरून कुठल्याशा म्हातारीकडून पोट पाडायला काडी घालवून घेतली होती. आई भिंतीशी उभी राहून पदर चावत होती. मला सिस्टरांनी परसातल्या चुलीवर पाणी तापवायला बसवलं. इंजेक्शन झालं, भिंतीतल्या खुंटीला सलाइनची बाटली टांगली गेली. दिवस कलता कलता रक्त थांबलं. मग सिस्टर आईकडे वळल्या. “सरकारी दवाखान्यात हे कायद्यानं होतं, डॉक्टरच्या हातानं होतं. कायद्याला किती वर्षं झाली, आणि तुम्ही झाडाच्या काड्या शोधत बसा.” दुसऱ्या दिवशी आई मुलीला ‘मामाकडे’ म्हणून पुण्याला घेऊन गेली, ते सिस्टरांच्या ओळखीच्या दवाखान्यात. मुलीचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, कमिटीच्या कामाला बाहेर होते. मुलीला कावीळ झाली होती असं त्यांना परत आल्यावर सांगण्यात आलं.

महिन्याभरानं पुण्याच्या कोर्टाचं समन्स आलं. गुन्हा कबूल करून किरकोळ दंड भरा, नाहीतर तारखेला येऊन लढा. पहिले काही दिवस सिस्टर लढणारच होत्या, यात मला शंका नव्हती. त्यांनी उतारावर जाऊन ती दोन झाडं पाहिली. एका झाडाचा पट्टा पावसानं धुऊन निम्मा गेला होता. भाकऱ्या थापता थापता त्या हवालदाराची उलटतपासणी घेत, आणि हवालदार म्हणून उत्तरं मी द्यायची. “घड्याळ कुणाचं? कधी लावलं होतं? कशावरून बरोबर चालतं?” मी अडखळले की परात बाजूला सारून म्हणत, “बघ. तू शिकलेली असून तुला बोलता येत नाही. तो काय बोलणार? हं.” त्यांची हेल्थ व्हिजिटरच्या जागेवर बढती व्हायची होती. कार्यालयातल्या कारकुनानं कळवलं होतं, गुन्हा शाबीत झाला तर शेरा फायलीत राहील, बढती अडेल. तेव्हा लढायला कारण होतं, आणि लढून जिंकण्यासारखंही होतं.

त्याच सुमारास गावात सभा झाली. अण्णा बोलायला उभे राहिले. पाणी, रस्ता झाला, आणि मग म्हणाले, “सरकारनं बायांच्या हातात गाड्या दिल्या, आता लगाम कोन घालनार? कोर्टाची समन्सं याया लागली. आमच्या पोरीबाळी बघत्यात हे.” लोक हसले. सिस्टर लशीचा डबा मांडीवर घेऊन कडेला बसल्या होत्या. मी त्यांच्या ‘हं’ची वाट पाहिली. ते आलं नाही.

खोलीवर आल्यावर मीच पेटले. “सिस्टर, तुम्ही एक शब्द बोलला असतात तर त्या माणसाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.”

“बरोबर. मग त्यानं घरी जाऊन पोरीचा गळा दाबला असता.” त्या लशीचा डबा पुसत होत्या. “माझं तोंड सुटायला क्षण पुरतो. तिला मग आयुष्य पुरलं नसतं.”

“पण कोर्टात तर—”

“कोर्टात काय विचारतील? कुठं निघाला होता? हवालदारानं आपल्याला कुठल्या वाटेला वळताना पाहिलंय. त्या वाटेला मोठं घर एकच आहे. मग तुला साक्षीला बोलावतील. तुला शपथेवर खोटं बोलता येईल? तुझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं.”

हे त्यांनी आधीच विचार करून ठेवलं होतं. पण त्यांचा जीव अजून त्या दोन झाडांत अडकला होता, हेही मला दिसत होतं. खोटं पाडता येईल असं काही सोडून द्यायची त्यांना सवय नव्हती.

तिढा सोडवायला डॉक्टर आले. प्राथमिक केंद्राचे हे डॉक्टर तरुण आणि सिस्टरांचा आदर करणारे. “मी दाखला देतो,” ते म्हणाले. “निकडीच्या पेशंटकडे ड्यूटीवर जात होत्या. कोर्ट लगेच सोडून देईल. फक्त पेशंटचं नाव लागेल.”

“नाव मिळणार नाही.”

“अहो, मग कातकरवाडीतल्या एखादीचं टाकू. गर्भपात झाला होता, रक्त जात होतं, असं लिहू. तिथं कोण विचारायला जातंय?”

सिस्टरांनी त्यांचं बोलणं नेहमीप्रमाणे पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मोठ्या घरच्या पोरीची अब्रू झाकायची, आणि कातकरणीची फुकटची म्हणून पांघरायची. असंच ना, डॉक्टर?”

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. “माझा तसा हेतू नव्हता, सिस्टर.”

“नसेलच. तुम्ही भले आहात. भल्या माणसांना हेतू लागतच नाही.” त्या उठल्या आणि समन्स घडी करून पिशवीत टाकलं. “मी दंड भरते.”

“त्या घरासाठी?” मी रागानं विचारलं. “ज्या घरात तुमचा कप कोनाड्यात असतो?”

“घर गेलं उडत,” सिस्टर म्हणाल्या. “पोरगी माझी पेशंट आहे.”

तारखेला मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. बाकावर तो हवालदार बसला होता, कडक इस्त्रीचे कपडे घालून. सिस्टर लढणार अशी बातमी त्याच्यापर्यंतही गेली असावी. तो सारखा घाम पुसत होता. पुकारा झाला. सिस्टर पुढे गेल्या.

“गुन्हा कबूल आहे?” न्यायाधीशांनी विचारलं.

“कबूल आहे.”

त्यांनी कागदावरून मान वर केली. पांढऱ्या साडीतल्या या बाईकडे जरा कुतूहलानं पाहिलं. “एवढी कसली घाई होती?”

“उतार होता, साहेब.”

“उतारावर ब्रेक वापरायचा असतो, सिस्टर.”

कोर्टातले कारकून हसले. हवालदार तर मोकळेपणानं हसला. सिस्टर म्हणाल्या, “हो साहेब.” त्यांचं एवढं साधं, बिनकाट्याचं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, पुढेही ऐकलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि पेले नीट विसळले नव्हते म्हणून रसवाल्याला असं झापलं की त्यानं सगळे पेले पुन्हा धुतले. नंतर एसटीत खिडकीशी बसून त्या चांदणी चौकापर्यंत रस्त्याकडेची झाडं बघत होत्या. मग म्हणाल्या, “तो पट्टा निम्मा गेला होता गं. एका प्रश्नात खटला पडला असता.”

बढती त्या वर्षी त्यांच्या मागून नोकरीला लागलेल्या बाईला मिळाली. पुढच्या वर्षी सिस्टरांची बदली जुन्नरकडे झाली. निरोपसमारंभात नारळ द्यायला अण्णाच होते. त्यांनी सिस्टरांच्या सेवेची तारीफ केली आणि शेवटी म्हणाले, “तिकडं घाट हायेत, सिस्टर. गाडी जपून चालवा.” मंडप हसला. बायकांच्या रांगेत अण्णांची बायको बसली होती. तिनं मान खाली घातली ती समारंभ संपेपर्यंत वर केली नाही. त्यांना एसटीत बसवताना मी म्हटलं, “आज तरी काहीतरी बोलायचं होतं.” सिस्टर ट्रंक वर चढवत म्हणाल्या, “हसू दे. त्याला ठाऊक नाही म्हणून हसता येतंय. ते ठाऊक नसणं मीच दिलंय त्याला. मानधन न घेता.”

त्यानंतर आमची भेट दोनदाच झाली. निवृत्तीनंतर त्या फलटणला राहिल्या आणि तिथंच गेल्या. मला कळायला उशीर झाला. पोचले तेव्हा घराला कुलूप होतं आणि शेजारीण सांगत होती, बाई फार फटकळ होती, पण गल्लीतलं एक पोर तिनं लशीवाचून राहू दिलं नाही.

काही वर्षांपूर्वी कोथरूडला एका लग्नात एका बाईनं माझा हात धरला. केस पिकलेले, कडेवर नातू. मी ओळखलं नाही. तिनं गावाचं नाव सांगितलं, आणि मग माझ्या ध्यानात आलं. अण्णा गेले, आई गेली, खोऱ्यातली जमीन विकली, तिथं आता पुण्याच्या कुणाचं फार्महाऊस आहे. तिनं मला कोपऱ्यात नेऊन विचारलं, “सिस्टर कुटं असत्यात?”

मी सांगितलं. ती बराच वेळ नातवाचं झबलं सारखं करत राहिली. मग म्हणाली, “त्यांनी कुनाला सांगितलं व्हतं का?”

“कुणालाही नाही.” आणि मग तिला माहीत नसलेलं सगळं मी सांगितलं: उतार, हवालदार, समन्स, बढती. तिच्या वडिलांचं भाषणसुद्धा. वाटलं होतं ती रडेल. रडली नाही.

“हे मी कधी लिहिलं तर चालेल?” मी विचारलं.

“माजं नाव नका घालू. पर लिवा.” मग म्हणाली, “तुमी परसात पानी तापवत व्हता, तवा त्या मला काय म्हनाल्या ठावं हाय? म्हनाल्या, ‘मरायचं होतं तर माझ्या सुट्टीच्या दिवशी मरायचं. आज माझी ड्यूटी आहे, आज तुला परवानगी नाही.’ घरात आई रडत व्हती, गडीन रडत व्हती. येकट्या त्याच रागावल्या व्हत्या. मला वाटलं, आपल्यावर कुनी इतकं चिडतंय, म्हंजी आपन जगनार.”