हे दात कुणाचे?

शाळेत तिला ‘फावडी’ हे नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. वरचे पुढचे दात ओठांचं काही ऐकायचेच नाहीत. तोंड मिटलं तरी ते बाहेर डोकावून कोण आलंय ते बघायचे. आत्या म्हणायची, पोरी, हसताना तोंडावर हात धर. आई म्हणायची, बोलताना ओठ जरा आवळून घे. तिनं दोघींचंही ऐकलं नाही. वर्गात कुणी ‘फावडी’ म्हणून हाक मारली की ती सरळ ‘ओ’ द्यायची आणि सगळे दात काढून हसायची. चिडवणाऱ्याला चिडणारं माणूस लागतं. ते मिळेना म्हटल्यावर चिडवण्यातली गंमत गेली आणि नुसतं नाव उरलं. पुढे घरचेही तिला त्याच नावानं हाक मारू लागले. खरं नाव कागदपत्रांपुरतं राहिलं.

अशी मुलगी दातांच्या दवाखान्यात नोकरी मागायला निघाली तेव्हा आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. टकल्यानं कंगव्याचं दुकान मांडावं तसं आहे हे, असं तिचं म्हणणं.

दवाखाना शिंपी आणि सायकल दुरुस्तीवाला यांच्या मधल्या गाळ्यात होता. बाहेर दोन लाकडी बाकं, कोपऱ्यात पोरांसाठी ठोकळ्यांची टोपली, आत हिरव्या रेक्झिनची खुर्ची. थोरले डॉक्टर हळू बोलणारे, हळू चालणारे. त्यांच्या पत्नी बाहेर टेबलापाशी बसायच्या आणि आलेल्याचा दात विचारायच्या आधी घरचं सगळं विचारायच्या. सासूचा गुडघा कसा आहे, धाकटा परीक्षेत पास झाला का. लोक म्हणायचे, दात दुखत नसला तरी इथे येऊन घटकाभर बसावंसं वाटतं.

फावडी समोर उभी राहिली तेव्हा डॉक्टरांची नजर सवयीनं तिच्या तोंडाकडे गेली.

“हे सरळ करता येतील हं,” ते म्हणाले. “आपल्याकडेच करू.”

“मी कामाला आलेय,” ती म्हणाली. “उपचाराला नाही.”

डॉक्टरांनी पत्नीला हाक मारली आणि हिला उद्यापासून येऊ दे म्हणून सांगितलं.

कामाला ती वाघीण निघाली. चिमटे, आरसे, टोकदार आकड्या घासूनपुसून वाफेच्या यंत्रात लावायच्या, लाळ ओढणारी नळी रोग्याच्या गालात नेमकी धरायची, दातांचं माप घ्यायची गुलाबी भुकटी रबरी वाटीत पाणी घालून भराभर कालवायची. ती लापशी कालवण्यात ढिलाई चालत नाही. बघता बघता घट्ट होते आणि मग टाकूनच द्यावी लागते. आणि घाबरलेली पोरं तिच्या ताब्यात. पोर खुर्चीला चिकटून दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून बसलं की ती त्याच्या हातात छोटा आरसा द्यायची, स्वतःचा आ वासायची आणि म्हणायची, आधी तू माझे तपास. एवढे मोठे, एवढे पुढे आलेले दात पोरांनी आयुष्यात पाहिलेले नसायचे. पोरं आत डोकावायची, बोट लावून बघायची, खिदळायची. खिदळताना त्यांचं तोंड उघडं पडायचं आणि डॉक्टरांचं काम होऊन जायचं.

तिचं लग्नही त्याच खुर्चीत जमलं. शिवणयंत्रं दुरुस्त करणारा एक तरुण अक्कलदाढ काढायला आला होता. दाढ निघाली, तोंडात कापसाचा बोळा बसला, आणि रक्त थांबेपर्यंत बाकावर बसून राहा म्हणून त्याला सांगितलं. फावडी शेजारी बसून बोलत राहिली. त्याला उत्तर देता येत नव्हतं, तो नुसती मान हलवत होता. पुढे तो दाढ बरी झाल्यावरही दाखवायला येत राहिला. लग्न ठरलं तेव्हा शिंप्यानं गल्लीभर सांगितलं, आधी पोराची अक्कल काढून घेतली, मग होकार घेतला. नवराही हा विनोद स्वतःहून सांगायचा.

त्यांना एक मुलगी झाली. दुधाचे दात पडून पक्के आले तेव्हा फावडीनं लेकीचं तोंड उजेडाकडे वळवून पाहिलं आणि तिचा ऊर भरून आला. हुबेहूब आपलेच. तिला वाटलं, चला, आपल्या बाजूनं उभं राहणारं कुणीतरी आलं.

वर्षं गेली. डॉक्टरांच्या पत्नी वारल्या. थोरल्या डॉक्टरांचा हात कापू लागला आणि मुलगा शिकून परत आला. या धाकट्या डॉक्टरला फावडीनं शाळेच्या दप्तरासकट पाहिलं होतं. त्यानं पांढरा कोट चढवला त्या दिवसापासून ती त्याला ‘अहो डॉक्टर’ म्हणू लागली. तो मात्र तिला पूर्वीसारखंच ‘ताई’ म्हणायचा. पोरगा वाईट नव्हता. हात हलका होता, रात्री अभ्यास करायचा. त्याला दवाखाना मोठा करायचा होता. शिंप्याचा गाळा घेऊन त्यानं दुसरी खुर्ची टाकली, भिंतींना फिकट पिवळा रंग दिला, बाकांवर गाद्या घातल्या. पाटीवर लिहिलं, ‘सगळ्या कुटुंबाचा दवाखाना’. फावडीला ते आवडलं. मग एक दिवस, ती खुर्ची पुसत असताना, त्यानं विषय काढला.

तो म्हणाला, लोक विचारतात. दातांच्या डॉक्टरकडची बाई आणि तिचेच दात असे, मग डॉक्टर काय कामाचा? त्याचं म्हणणं एवढंच, की ताई घरच्या आहेत, त्यांना पैसा लागणार नाही, त्रासही फार नाही, काही महिने तारा लावायच्या. फावडीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, माझ्या दातांनी खाता येतं, बोलता येतं, पोरांना हसवता येतं, मग त्यांना झालंय काय? दिसायला बरं, हे उत्तर होतं. ते त्यानं दिलं. ती म्हणाली, मला बरे दिसतात. विषय तिथे संपला असं तिला वाटलं.

मग त्यानं फोटो काढायचं ठरवलं. बाहेरच्या खोलीत सगळ्यांचा एक मोठा हसरा फोटो लावायचा, म्हणजे आल्या आल्या माणसाची भीती जाईल. त्यानं चाचरत सुचवलं की ताईंनी मागच्या रांगेत, तोंडाला पट्टी लावून उभं राहावं. कामाचा पोशाख म्हणून तेही शोभेल. फावडी म्हणाली, सगळ्यांनी पट्टी लावा, मीही लावते. फोटोग्राफर आला तेव्हा ती पहिल्या रांगेत, थोरल्या डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि अगदी दाढा दिसेपर्यंत हसली.

चौकटीत बसून फोटो भिंतीवर लागला. सकाळी फावडीनं कुलूप उघडलं, दिवा लावला आणि समोर स्वतःला पाहिलं. केस तिचे, कपाळ तिचं, साडी तिची. दात मात्र एका ओळीत, शुभ्र, कवायतीला उभे केल्यासारखे. फोटोग्राफरनं संगणकावर तिचं तोंड दुरुस्त करून टाकलं होतं.

धाकटे डॉक्टर आले तेव्हा फोटो खाली, भिंतीला टेकून ठेवलेला होता.

“हे दात कुणाचे?” तिनं विचारलं.

तो ओशाळला. म्हणाला, मी सांगितलं नव्हतं, त्यानंच केलं; पण छान झालंय म्हणून मी राहू दिलं. तुमचाच मान आहे त्यात.

“ज्या बाईचे असतील तिला देऊन टाक,” फावडी म्हणाली. रागाच्या भरात ‘अहो डॉक्टर’ कधीच मागे पडलं होतं. “माझ्या तोंडात परक्याचे दात नकोत मला.”

त्यानं दुपारी फोटो परत टांगला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा खाली. त्यानं खिळा बदलून वर लावला, तर ती स्टुलावर चढली. दोघंही एकमेकांशी कामापुरतं बोलत. चिमटा म्हटलं की चिमटा, कापूस म्हटलं की कापूस. थोरले डॉक्टर बाकावर बसून वाचत असत. मुलानं त्यांना न्याय करायला सांगितलं, तर ते म्हणाले, मी पहिल्याच दिवशी विचारून बसलोय, आता तू तुझं बघ.

फावडीला वाटत होतं, आपली बाजू लंगडी नाही. आणि घरी पाय ठेवला तर घरच फिरलं.

लेक तेव्हा वयात आलेली होती. ती दवाखान्यात येऊन फोटो बघून गेली होती. रात्रीची जेवणं चालली होती. ती खाली बघत म्हणाली, “आई, तू छान दिसतेस त्यात.”

फावडीचा घास हातात राहिला.

“मला तारा लावायच्या आहेत,” लेक म्हणाली. “मी धाकट्या डॉक्टरांना विचारलंय.”

मग फावडीचा तोल गेला. ती वाट्टेल ते बोलली. साऱ्या जन्माची टोचणी सोसून मी ताठ उभी राहिले ती काय म्हणून, लोकांच्या नाकावर टिच्चून हसले ती काय म्हणून, आणि माझ्याच पोटची पोर माझे दात माझ्याच घशात घालते. लेक रडली नाही. तिनं बोलणं संपू दिलं आणि तेव्हा कुठे फावडीच्या लक्षात आलं की पोरीनं तोंडावर हात धरला आहे. आत्ता नाही, कधीपासूनच धरते आहे. जेवताना, बोलताना, हसताना. जगाच्या तोंडात डोकावणाऱ्या बाईला घरातलं तेवढं दिसलं नव्हतं.

“तू तुझ्या तोंडाला कुणाला हात लावू दिला नाहीस,” लेक म्हणाली. “मग माझ्या तोंडाचं तू का ठरवतेस?”

नवरा एरवी अशा वेळी उठून अंगणात जायचा. आज तो बसून राहिला. म्हणाला, हिचं म्हणणं तुझ्यासारखंच आहे गं, फक्त उलट्या बाजूनं शिवलंय.

फावडीला झोप आली नाही. राग लेकीवर होता, मग डॉक्टरवर आला, मग फिरून स्वतःवर आला. आपण लेकीला आपलं निशाण करून उभं केलं, तिला न विचारता, हे फावडीला सहज पटलं नाही. कूस बदलून बदलून पटलं.

सकाळी ती धाकट्या डॉक्टरांसमोर उभी राहिली. “लेकीला तारा लावायच्यात. फुकट नको.”

त्याचा चेहरा खुलला. “मग ताई, तुमच्याही—”

“माझ्या नाही. आणि तो फोटो टाकून द्यायचा.”

“पण दात तर दोघींचे सारखेच ना? तिचे सरळ करायचे, तुमचे नाहीत, याला काही अर्थ आहे का?”

“तिनं मागितलंय,” फावडी म्हणाली. “मी मागितलेलं नाही. तुम्ही मला न विचारता माझं तोंड बदललंत. अर्थ एवढाच आहे. कळला तर ठीक, नाही कळला तर दुसरी बाई बघा.”

तो खूप वेळ हात धूत राहिला. मग त्यानं स्वतः स्टूल ओढलं आणि चौकट काढून मागच्या खोलीत नेली. माफी मागितली नाही, तिनंही मागायला लावली नाही. महिन्याभरात नवा फोटो लागला. त्यात ती पुढेच आहे आणि दात तिचे आहेत. एका रोग्यानं त्यावर नाक मुरडलं आणि दुसरा दवाखाना गाठला. धाकटे डॉक्टर म्हणाले, जाऊ दे.

लेकीचं माप घेताना गुलाबी लापशी फावडीनंच कालवली. पोरीला मळमळलं तेव्हा तिच्या कपाळावर हात ठेवून, नाकानं श्वास घे, नाकानं, असं म्हणत राहिली. मापात प्लास्टर ओतून तो सुकल्यावर पांढरा साचा बाहेर आला. तो तळहातावर घेऊन ती मागच्या खोलीत उभी राहिली. बाहेर डोकावणारे चार दात, एक किंचित तिरका. तिनं त्यांच्यावरून अंगठा फिरवला, मग साचा डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि वाफेच्या यंत्राकडे वळली, कारण पुढचा रोगी आलेला होता.

लेकीचे दात आता सरळ आहेत. ती हसते तेव्हा हात मांडीवर असतो. फावडीला ते बघून बरं वाटतं आणि कधी कधी जरा चुकल्यासारखंही वाटतं. ती दोन्ही लपवत नाही. थोरले डॉक्टर गेले, धाकट्यांचे केस पांढरे व्हायला लागले, फावडी अजून कामावर आहे.

मध्यंतरी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीचे दात जरा पुढे होते. मुलगी खुर्चीत बसायला तयार नव्हती. आईनं दम दिला, गपचूप बस आणि तारा लावून घे, नाहीतर फोटोतल्या या मावशींसारखे दात होतील. बोलून गेल्यावर बाईनं जीभ चावली. धाकट्या डॉक्टरांनी खोकल्याचं निमित्त करून मान वळवली.

फावडीनं तोंडाची पट्टी खाली ओढली आणि मुलीसमोर वाकली. “हो, असे होतील. बघून घे नीट. आणि मग काय करायचं ते तू सांग. आईला नको विचारू, माझ्याकडेही बघू नकोस.”

मुलीनं सावकाश बघितलं. एका बाजूनं, मग दुसऱ्या. आई काहीतरी म्हणायला गेली, तर फावडीनं हात वर करून तिला थांबवलं.

“दुखतं का?” मुलीनं विचारलं.

“दुखतं,” फावडी म्हणाली. “सुरुवातीला जास्त, मग कमी.”

मुलगी अजून विचार करत होती. फावडी तशीच वाकून उभी राहिली. बाहेर बाकं भरली होती, पण तिला घाई नव्हती.