गाऱ्हाण्यात फुटलेली निविदा

ती घटना आजही आठवते तेव्हा आधी मला हसू येतं आणि मग बायको आठवते. या केसमध्ये वर्दी माझ्या अंगावर होती, पण तपास तिनं लावला. ती गेल्या पावसात गेली. असती तर हे लिहिताना मागं उभी राहून तिनं ओळीओळीला चुका काढल्या असत्या. आता जे लिहीन ते खपून जाईल. त्यात मजा नाही, पण लिहितो.

मी दहावी नापास. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून सुटलो. मोठे अधिकारी आठवणी लिहितात त्यांत खून असतात, दरोडे असतात, गोळीबार असतो. मालवणच्या बाजूला अख्ख्या नोकरीत मी गोळी झाडली ती फक्त सरावाच्या मैदानावर, आणि तिथंही नेम लागला नाही. माझी सगळ्यात मोठी केस पायपुसण्यांची आहे. नावं कोणाची सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं मला अजून मासळी बाजारात भेटतात.

त्या दिवशी ठाणे अंमलदाराची ड्युटी माझ्याकडे होती. रात्रपाळीवाल्याकडून चार्ज घेतला, कोठडी बघितली, आत एक मांजर झोपलं होतं, त्याला सोडून दिलं. स्टेशन डायरीत पहिली नोंद टाकतोय तोच एक बाई आत आली. मागं चार-पाच बायका व्हरांड्यात उभ्या. ही माझ्या बायकोच्या माहेरच्या गावची. नारळाच्या सोडणांपासून काथ्या काढायचा, त्याच्या दोऱ्या आणि पायपुसणी करायची, असा तिचा छोटा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. आम्ही तिला काथ्यावालीच म्हणायचो.

"हवालदारानु, माझी सही चोरीक गेली."

"कोणी खोटी सही केली?"

"खोटी नाय, खरी! खरीच चोरल्यानी."

मी पेन खाली ठेवलं. "बाय, सही हातात असते. तुझे दोन्ही हात जाग्यावर आहेत."

"हातातली नाय वो, कॉम्प्युटरातली!"

मग तिनं मला बसवून शिकवलं. सरकारी वसतिगृहांना काथ्याची पायपुसणी पुरवायची निविदा निघाली होती. मला वाटायचं, सरकारी ठेका म्हणजे साहेबाची ओळख आणि पांढरे बूट लागतात. तसं नाही. सरकारच्या निविदांच्या वेबसाइटवर कोणीही नोंदणी करू शकतो. तिथं कागदाची सही चालत नाही, डिजिटल सही लागते. ती कॉम्प्युटरला लावायच्या, अंगठ्याएवढ्या एका डोंगलमध्ये असते, वर पासवर्ड. लहान उद्योगाची नोंदणी असेल तर अनामत रकमेतून सूट मिळू शकते, पण ते त्या निविदेच्या अटींत लिहिलेलं आहे का ते आपण वाचायचं असतं. मग दोन लिफाफे, तेही कॉम्प्युटरातलेच. एकात आपली कागदपत्रं, दुसऱ्यात आपला दर. पहिल्यात पास झालात तरच दुसरा उघडतात. तोपर्यंत दर कोणाला कळता कामा नये. सगळा खेळ तिथंच आहे.

काथ्यावालीनं हे सगळं जमवलं होतं. तालुक्याच्या सेवा केंद्रात जाऊन कागद चढवले होते. दर तेवढा भरायचा राहिला होता. काम मिळालं असतं तर शेडमधल्या बायकांना वर्षभर गावातच काम होतं. नाही मिळालं तर शेड बंद करून त्यांनी दुसऱ्यांच्या काजू कारखान्यात जायचं, असं ठरलं होतं. त्या बायका व्हरांड्यात कशाला आल्या ते मला तेव्हा कळलं.

आदल्या दिवशी डोंगल हरवला आणि आज सकाळी तिच्या मोबाइलवर मेसेज आला, 'आपली निविदा सादर झाली आहे.' तिनं तर भरलीच नव्हती. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती.

"मुदतीपर्यंत आपली निविदा बदलूक मिळता," ती म्हणाली, "पण डोंगल नाय तर बदलतलंय कशी?"

"पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता?"

"कोणाक नाय. घोवाकसुदा नाय. फक्त देवाक."

"नवऱ्याला नाही आणि देवाला कसा कळला?"

या माणसाला नोकरी कोणी दिली, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं. "गाऱ्हाण्यात सांगलो नाय?"

आमच्याकडे नवं काही करायचं तर देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकार, म्हणजे गावचा मानकरी, देवासमोर उभा राहून मोठ्यानं मागणं मागतो आणि जमलेले सगळे वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. काथ्यावालीनं देवासमोर तबकात नारळ ठेवला होता आणि शेजारी डोंगल. गावकार तिला म्हणाला, काय मागूचा तां समदां सांग, अर्धवट सांगलंस तर देव अर्धवटच देतलो. मग तिनं समदं सांगितलं. निविदा कसली, पायपुसणी किती, एका नगाला दर काय. आणि पासवर्डसुद्धा.

"गावकारानं पासवर्ड मोठ्यानं म्हटला?"

"व्हय. 'मोठो के, मगे बारको ए, मगे तो शेपटेवालो वाटोळो ए, ह्यां समदां तुझ्या पायाकडे ठेवलेलां आसा, तां गोड मानून घे रे म्हाराजा.'"

"आणि?"

"आणि काय? अख्खो गाव म्हणालो, व्हय म्हाराजा."

नारळ फुटला, खोबरं वाटलं, आणि तबकात बघते तर डोंगल नाही.

आमचे फौजदार साहेब घाटावरचे, नवे, शिकलेले आणि सरळ. त्यांनी डोकं धरलं. पण खेळ त्यांनी लगेच ओळखला. म्हणाले, "हिच्या नावानं भलताच चढा दर भरला असणार. म्हणजे ही स्पर्धेत दिसेल, पण बाद होईल. ठेका ज्याला घ्यायचाय तो आरामात घेईल." जिल्ह्याच्या सायबर शाखेला त्यांनी पत्र धाडलं. कोणत्या कॉम्प्युटरवरून भरलं ते कळलं असतं, पण चार दिवसांनी. आणि संशयित म्हणून आमच्याकडे होतं एक संपूर्ण गाव.

दहाच्या सुमाराला मी पेज जेवायला घरी गेलो. क्वार्टर ठाण्याच्या मागंच. प्रत्येक पोलिसाचे खबरे असतात. माझा सगळ्यात पक्का खबरी चुलीजवळ सुका बांगडा भाजत होता.

"काल माहेरी गाऱ्हाण्याला तू होतीस ना?"

"होतंय. कित्या?"

"तिथं कॉम्प्युटर येणारा कोण होता?"

तिनं बांगडा उलटला. "तो सेवा केंद्रवालो इल्लो. पण परसाद घेतल्याशिवाय गेलो."

"मग त्यात काय?"

"त्यात काय? तुमका पोलिसात घेतल्यानी कोणी?" एकाच सकाळी दुसऱ्यांदा हाच प्रश्न. "त्या मनशाक मी ल्हानपणापासून बघतंय. खोबऱ्याक दोन दोन हात पुढे करता, एक माझो, एक आवशीचो म्हणान. आवस जावन किती वर्षां झाली तरी करता. आणि काल नारळ फुटलो, समदे पुढे, नि ह्यो मागल्या दारान? पोट बिघडलेलां नाय. वाटेत भजी खाताना दिसलो."

मेलेल्या आईच्या नावाचं खोबरं तो उगाच सोडणार नाही, हे मलाही पटलं. मी पेज अर्धी टाकून उठलो. ती मागून ओरडली, "हात तरी धुवा!"

केंद्रवाल्याला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. याच्याच केंद्रातून तिनं कागद चढवले होते, म्हणजे पुढचं सगळं याला पाठ. खुर्चीवर बसून तो अगदी छापील मराठीत बोलायला लागला. "सदर बाबीशी माझा काहीही संबंध नाही. आपण तांत्रिक अहवाल मागवावा. अहवाल येईपर्यंत मला थांबवून ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही." साहेबांनी तासभर विचारलं. प्रत्येक उत्तर सरकारी परिपत्रकासारखं. मधेच तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा आणि निवांत व्हायचा.

माझ्या अनुभवाची एक गोष्ट सांगतो. आमच्याकडची माणसं कचेरीत पुस्तकी मराठी बोलतात आणि त्या मराठीत खोटं बोलणं फार सोपं जातं. ती भाषा त्यांची नसतेच, त्यामुळे खोटंही आपलं वाटत नाही. केंद्रवाल्याला घरच्या बोलीत आणल्याशिवाय तो हलणार नव्हता.

ठाण्यात एका कोपऱ्यात गणपतीचा फोटो आहे. मी टोपी काढली, व्हरांड्यातल्या बायकांना आत बोलावलं आणि फोटोसमोर हात जोडून उभा राहिलो. साहेब म्हणाले, "हे काय चाललंय?"

"पाच मिनिटं द्या, साहेब."

आणि मी चढ्या आवाजात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका म्हणाल्या.

"आज ही लेकरां तुझ्या दारात इली आसत..."

"व्हय म्हाराजा!" आता शिपाई पण. वायरलेसवाला आतून.

"त्येंच्या हातातलां काम कोणी हिसकावन घेतलां आसात..."

"व्हय म्हाराजा!"

मी लय सोडली नाही. मागं वळूनही बघितलं नाही. "तबकातली वस्तू ज्या कोणी उचलल्यान, आवशीच्या नावाचां खोबरांसुदा घेतल्यान नाय, नि ती वस्तू आपल्याकडे लपवन ठेवल्यान आसा..."

"व्हय म्हाराजा!"

त्या घोळक्यात एक पुरुषी आवाज खुर्चीकडून आला. स्वच्छ, मनापासून, हात जोडून.

मी वळलो. खुर्चीत केंद्रवालाच. त्याचे हात अजून जोडलेलेच होते. त्यानं एकदा हातांकडे बघितलं, एकदा गणपतीकडे. मग काथ्यावाली म्हणाली, "मेल्या, आता नाय तरी कसो म्हणतलंस?" आणि आधी शेडमधली सगळ्यात म्हातारी बाई हसली, मग सगळे. घाटावरचे साहेबसुद्धा तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे वळले.

केंद्रवाला रडायला लागला आणि मालवणीत बोलायला लागला. ठेका वर्षानुवर्षं एकाच बाहेरच्या ठेकेदाराकडे जायचा. त्यानं याला नवीन प्रिंटरचं आमिष दाखवलं होतं. डोंगल मोटरसायकलच्या डिकीत होता. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, पण पंचांसमोर त्यानं स्वतः काढून दिलेला डोंगल चालतो. पंचनामा झाला.

आणि तिथंच सगळं अडकलं. डोंगल आता मुद्देमाल झाला. मुद्देमाल म्हटला की लाखेचं सील, नंबर, आणि कोर्ट सांगेल तेव्हाच मालकाला. काथ्यावाली टेबलावरच्या डोंगलकडे बघत होती. मिळाला होता आणि तिचा नव्हता. माझं डोकं गाऱ्हाण्यापर्यंतच चालतं, पुढं काही सुचेना.

साहेबांनी कायद्याचं पुस्तक काढलं, बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले. "सुपुर्तनाम्यावर देता येईल. कोर्टात हजर करीन असं ती लिहून देते, आपण कोर्टाला तसं कळवतो. लिहा लवकर." मी नोकरीत इतक्या वेगानं कधी लिहिलं नाही. शुद्धलेखन साहेबांनी नंतर सुधारलं.

जीपमधून तिला बाजारातल्या दुसऱ्या केंद्रात नेलं. आधी पासवर्ड बदलला. मग दर. जुना दर तर अख्ख्या गावाला पाठ होता, म्हणजे ठेकेदारालाही. तिनं आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, केंद्राच्या मालकालाही. दार ओढून घेतलं. आम्ही फुटपाथवर. एका बाईनं डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली तर दुसरीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप गो! आता देवाक काय सांगू नको!"

ती बाहेर आली. मोबाइल वाजला. निविदा सादर झाली होती, मुदतीत.

"काय भरलास दर?" मी विचारलं.

"तुमका कित्या सांगू?" ती म्हणाली. त्या दिवसापासून मला तिची काळजी वाटली नाही.

लिफाफे उघडले तेव्हा तिचा दर सगळ्यांत कमी निघाला. शेड अजून चालू आहे, आता पत्रे नवीन आहेत. केंद्रवाल्यावर आणि ठेकेदारावर खटला गेला, त्याचं जे व्हायचं ते कोर्ट ठरवेल. गाऱ्हाणं आजही घालतात, पण गावकार आता म्हणतो, "जो काय आकडो आसा तो तुका ठावक आसा रे म्हाराजा," आणि पुढं जातो.

या केसनं मला काय शिकवलं? लहान धंदेवाल्यांना एवढंच सांगतो, सरकारी काम तुम्हालाही मिळतं. अटी स्वतः वाचा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, आणि डोंगल म्हणजे आपला हात आहे, तो दुसऱ्याच्या खिशात ठेवू नका. पोलिसांना सांगतो, घरी जेवायला जा.

काथ्यावालीनं पहिल्या मालातलं एक पायपुसणं माझ्या बायकोला आणून दिलं. बायकोनं ते कधी दारात टाकलंच नाही. त्याच्यावर पाय कसो ठेवचो, म्हणायची. भिंतीला टांगून ठेवलं. अजून तिथंच आहे.

संध्याकाळी दिवा आता मीच लावतो. ती लावायची तेव्हा मी बाहेरून काहीबाही मागायचो, पाऊस पडू दे, गुडघा थांबू दे, आणि आतून तिचा आवाज यायचा. बहुतेक वेळा 'नाय' म्हणूनच. आता मी मागणं मागतो, थोडा वेळ थांबतो, आणि शेवटी आपणच 'व्हय म्हाराजा' म्हणतो. साक्षीदाराशिवायची कबुली. कोर्टात टिकणार नाही, मला माहीत आहे. तरी रोज म्हणतो.