आवाज येते काय?

परदेशातून येताना कस्टमवाले आख्खी बॅग उपसून बघतात, पण किस्से कोणी अडवत नाही. त्यामुळे माझ्या अमरावतीच्या घरात ते इतके साठलेत, की बायको म्हणते, "ते तुमचे किस्से तरी आवरा, नाहीतर ही टूर मॅनेजरकी सोडा!"

सगळ्यात जास्त डोकं उठवलं ते एकाच टूरनं. औषधाच्या, म्हणजे फवारणीच्या औषधाच्या एका कंपनीनं टार्गेट पूर्ण करणाऱ्या कृषी केंद्रवाल्यांना युरोप दाखवायला नेलं होतं. इकडे कपाशीवर बोंडअळी थैमान घालून राहिली होती, अन् ही मंडळी पॅरिसात! कोणाला काही बघायचं नव्हतं. सगळ्यांना फक्त नेट पाहिजे होतं!

पहिल्याच हॉटेलात वायफाय फक्त खाली, रिसेप्शनजवळ. सकाळी उतरून बघतो तर आपली वऱ्हाडी पलटण बनियन-लुंगीवर सोफ्यांवर पसरलेली! नांदगाव खंडेश्वरचे बंडूभाऊ मध्यभागी उभे राहून ओरडत होते, "हॅलो! आवाज येते काय? आवाज येते काय?" रिसेप्शनवरची पोरगी घाबरून मला विचारते, काही भांडण झालं का?

मी म्हटलं, "बंडूभाऊ, हळू बोला ना जरा!"

"कावून? नांदगाव काय इथं बाजूले आहे काय?"

मूर्तिजापूरचे सलीमभाई मात्र कोपऱ्यात गप्प. त्यांची पोरगी बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आलेले. जन्मल्याबरोबर बाळाच्या कानात अजान देतात, ती नानानंच, म्हणजे आईच्या वडिलांनीच द्यायची, असं तिनं वचन घेतलं होतं. "घरी लोक आहेत अजान द्यायले," ते म्हणाले, "पण जबान मी देली ना!" अन् दर पाच मिनिटांनी मला विचारायचे, "प्रमोदभाऊ, रेंज आहे ना?"

आयफेल टॉवरपाशी सगळे फोटो काढत होते. बंडूभाऊ टॉवरकडे पाठ करून मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले. गावच्या शेतकऱ्यानं किडलेल्या बोंडाचा फोटो पाठवला होता, तो मोठा करून बघत होते.

"अहो, वर बघा की! एवढा खर्च करून आणलंय कंपनीनं!"

"टावर उद्याबी राहीन भाऊ. हे बोंड नाई राहत."

मीच थोडा वेळ त्या बोंडाकडे बघत बसलो.

अकोल्याच्या गजाननरावांची तऱ्हा वेगळी. तिकडचं सिम टाकताना आपलं घरचं सिम काढलं, ते हरवू नये म्हणून ठेवलं कुठं? खर्‍र्‍याच्या पन्नीत! संध्याकाळी बसमध्ये पन्नी घोळली, तंबाखू-सुपारीचा तो खर्रा तोंडात टाकला, अन् कडकन आवाज आला. "आज सुपारी लय कडक आहे राजा," असं म्हणत त्यांनी हातावर थुंकलं, तर सिमचे दोन तुकडे! बँकेचे सगळे मेसेज त्याच नंबरवर यायचे.

सलीमभाई म्हणाले, "आता ओटीपी डायरेक पोटात येईन!"

ते टूरभर हसले, ते तेवढंच.

पुढं स्वित्झर्लंड. पॅरिसला घेतलेलं सिम तिथं चालणार नाही, हे मी घसा फोडून सांगितलं होतं. हद्द ओलांडली अन् बसमध्ये एकच बोंब! "काल चालून राहिलं होतं!"

"काल देश दुसरा होता हो!"

"धारणीच्या जंगलात रेंज नाई, समजू शकतो," गजाननराव तणतणले. "हा तर युरोप आहे!"

शेवटी माझी वायफायची डबी काढली. आख्खी बस तिच्यावर तुटून पडली. आधीच डोंगर, त्यात इतके फोन, काहीच नीट चालेना. तेवढ्यात माझ्या रोमिंगच्या नंबरवर सलीमभाईंच्या बायकोचा साधा फोन आला. मुलगी झाली! वेळेच्या आधीच! टाळ्या पडल्या. सलीमभाई मात्र रडवेले झाले. व्हिडिओ कॉल लावायला गेले तर नुसतं चक्र फिरतंय.

माझं डोकं फिरलं. "डबीवरून उतरा सगळे! एकूण एक!"

टूरभर माझं एक अक्षर न ऐकलेल्या माणसांनी पटापट नेट बंद केलं. बंडूभाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला तरी फवारणीचं प्रमाण सांगत होते. "मंग सांगतो," म्हणून त्यांनी कॉल तोडला. ड्रायव्हरनं गाडी बाजूला लावली.

कॉल लागला. कपड्यात गुंडाळलेलं बाळ क्षणभर दिसलं. "फोन दाएं कान के पास रखो, आवाज कम करो," सलीमभाईंनी सांगितलं, अन् उभं राहून, डोळे मिटून, हलक्या आवाजात त्यांनी अजान दिली. गजाननरावांनी पन्नी घोळायची थांबवली.

अजान संपली. बघतो तर चित्र कधीचंच गोठलेलं. पलीकडून हूं नाही की चूं नाही. सलीमभाईंनी आमच्याकडे बघितलं. पोचली की नाही? कोणालाच सांगता येईना.

अन् मग फोनमधून बाळानं असा काही टाहो फोडला!

बंडूभाऊंनी गळ्यातल्या दुपट्ट्यानं डोळे पुसले अन् हळूच, आख्ख्या टूरमध्ये पहिल्यांदाच हळू, म्हणाले,

"येते बाप्पा. आवाज येते."